घंटा मुक्या असायच्या तेव्हा

बेळगावला कॅम्पातल्या चर्चमध्ये आता खांबाखांबावर ध्वनिक्षेपक बसवले आहेत. यंदा पवित्र गुरुवारी मी गेले, तेव्हा एक तरुण फादर त्यांतून सांगत होते की देव शांततेत बोलतो. ते बाहेर उभ्या असलेल्या रिक्षावाल्यांनाही स्पष्ट ऐकू येत होतं.

मला हसू आलं आणि मागोमाग जुनी चुळबुळ सुरू झाली. चर्चच्या बाकावर बसलं की ती अजून होते. कुणीतरी काही विचारून गेलं आहे आणि आपण उत्तर द्यायचं राहिलं आहे, अशी. म्हणून उठले आणि बाजूच्या खोलीत गेले. तिथे फादरांचे झगे, मेणबत्त्यांचे बुडखे आणि नाक फुटलेले संत ठेवलेले असतात. तिथला वास मात्र बदललेला नाही. मेण, ऊद, डांबराच्या गोळ्या आणि कुठेतरी वर वटवाघूळ. कपाटावर, जुन्या वाळलेल्या झावळ्यांच्या खाली, मात्राक पडली होती.

मात्राक म्हणजे एक जाड लाकडी फळी आणि तिच्या दोन्ही अंगांना हलती लोखंडी कडी. मूठ धरून मनगट फिरवलं की खट् खट् वाजते. पवित्र गुरुवारी चर्चच्या घंटा मुक्या होतात, त्या येशू पुन्हा उठेपर्यंत. तोवर माणसांना प्रार्थनेला बोलवायचं ते हिच्यानं. आवाजात गोडवा म्हणून नाही. कुणी दार ठोठावतंय, त्याला घाई नाही, पण तो जाणारही नाही, असा आवाज.

मी ती खाली काढली, पदरानं पुसली, आणि शहापुरातल्या आमच्या गल्लीत जाऊन पोचले.

गल्ली विणकरांची. डावीकडच्या भिंतीपलीकडे माग, उजवीकडच्याही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत धोटा इकडून तिकडे पळायचा आणि आमच्या मांडणीतली पितळी भांडी बारीक थरथरत राहायची. पावसाळ्यात सुताच्या खळीचा आंबूस वास भिंतीतून पाझरायचा. हिवाळ्यात रंगाच्या हंड्याखालच्या लाकडांचा धूर यायचा. आमच्या सोप्यात आप्पांचं शिवणयंत्र होतं. आप्पा म्हणजे माझे वडील. कॅम्पातल्या साहेबांचे कोट, फादरांचे काळे झगे, सणाच्या मिरवणुकीत मानकरी मंडळी खांद्यावर घेतात ती लाल रेशमी वस्त्रं, सगळं त्यांच्या हातचं. त्यामुळे मोठी माणसं आमच्या घरी यायची ती आधी अस्तराच्या बाजूनं. कुणाच्या पोटावर किती पट्टी वाढवली, कुणाचं रेशीम फक्त पुढूनच आहे आणि पाठीला साधं मांजरपाट आहे, हे मला कळत्या वयापासून ठाऊक होतं. एकदा बिशप आले. सगळं चर्च त्यांच्या अंगठीचं चुंबन घ्यायला गुडघ्यावर. आप्पाही गुडघ्यावर, पण त्यांची नजर बिशपांच्या झग्याच्या घेराला. उठल्यावर माझ्या कानात म्हणाले, "मागच्या अंगाला उसवायला लागलंय. परत जाईस्तोवर टिकलं म्हंजे मिळवली." थाटामाटाविषयी मी जे काही शिकले ते बहुतेक त्या दिवशीच.

प्रार्थना आमच्या घरात पुष्कळ होत्या. चर्चमधल्या लॅटिन, देवाला लॅटिन येत असे, आम्हांला येत नव्हतं, म्हणून आम्ही ती मोठ्यानं म्हणायचो. घरातल्या कोकणी, आईच्या माहेरच्या. आणि दिवसातून तीन वेळा आंजेलूसची घंटा: सकाळी, दुपारी, सांजेला. ती वाजली की हातातलं टाकून उभं राहायचं. वारा असला तर कॅम्पातून शहापूरपर्यंत ऐकू यायची, नसला तर आई घड्याळाकडे बघून ती वाजली असं धरायची. आप्पांचा पाय यंत्राच्या पट्टीवर थांबायचा. मागांचा काही थांबायचा नाही. आई, आप्पा आणि मी उभ्यानं ते पुटपुटायचो आणि पुन्हा आपापल्या कामाला लागायचो. ती घंटा कसली आहे, हे मी कधी विचारलं नाही. सूर्य कशासाठी उगवतो हे तरी कोण विचारतं?

मी देवाची होते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पावसात छप्पर गळतं हे माहीत असावं तसं. मी अंगावर पीत होते तेव्हा गावात प्लेग आला. प्लेग आला की घरं सोडून लोक रानात तट्ट्यांच्या झोपड्या घालून राहत. त्या झोपडीत आप्पांच्या काखेत गाठ आली. आजूबाजूच्या झोपड्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. आई मातीत गुडघ्यावर बसली आणि तिनं आंगवण केली, म्हणजे नवस बोलली: ह्यांना ठेव, पोरगी तुझी. आप्पा राहिले. व्यवहार झाला तेव्हा मी तिथेच होते, आईच्या मांडीवर, झोपेत.

त्यानंतर मला जपण्यात आलं. झाडावर चढायचं नाही, देवाच्या वस्तूला पोचे पडतात. अबोलीचा गजरा नाही, हिरव्या बांगड्या नाहीत. माशाचा मधला तुकडा मात्र माझा. चर्चमधल्या बायका माझ्याकडे अशा बघायच्या, जशी दुकानात दुसऱ्या कुणी सांगून ठेवलेली साडी बघतात: छान आहे, पण आपल्याला काय.

उन्हाळ्यात निपाणीला मामाकडे जायचं. सर्व्हिस मोटार काकतीवरून संकेश्वरकडे निघाली की डोंगरावरून गरम वारा यायचा आणि माझ्या अंगातलं काहीतरी सैल व्हायचं. मामा तंबाखूच्या वखारीत वजनं करायचा. वखारीच्या भिंती, मामाचं धोतर, मामीचं पीठ, सगळ्याला तंबाखूचा वास. संध्याकाळी जपमाळेला बसलं की एकाला शिंक यायची आणि मग ती माळेसारखीच हातोहात फिरायची. 'नमो मरिये' अर्धं, मग शिंक, मग उरलेलं. मामा म्हणायचा, देवाला सवय झाली आसंल आता, निपाणीची प्रार्थना म्हणून तो वासानंच वळखत आसंल. तिथे मला कुणी देवाची म्हणून वागवायचं नाही. मामेबहिणींबरोबर मी भिंतीवरून चालायचे, चिंचा पाडायचे, गुडघे फोडून घ्यायचे. परतीच्या मोटारीत आई माझे गुडघे परकराखाली झाकायची. कुणापासून झाकत होती, देव जाणे. म्हणजे त्याच्यापासूनच.

आमच्या शेजारची शिवाक्का विणकरांच्या घरातली थोरली बाई. दोन्ही सुनांना आणि एका नवऱ्याला ती एकाच आवाजात हाकायची. मी सोळा-सतरा वर्षांची झाले, कॉन्व्हेंटच्या मदरनी ईस्टर झाल्यावर मला लांबच्या मठात पाठवायचं ठरवलं, आणि माझ्या झग्यासाठी पांढऱ्या कापडाचा तागा आमच्याकडे आला. त्या दिवशी आईनं मोठ्या अभिमानानं शिवाक्काला आंगवणीची सगळी हकिकत सांगितली. शिवाक्का कांड्या भरत होती. ऐकून म्हणाली, "म्हंजे आमच्यात यल्लम्माला सोडत्यात, तसं म्हणा की."

आईचा चेहरा उतरला. आमच्यात तसलं काही नसतं, आमच्यात शिकवतात, मान देतात, पांढरे कपडे देतात, असं ती म्हणाली.

"आमच्यात बी हिरवं लुगडं देत्यात," शिवाक्का म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच वाईट होतं. तिची एक बहीण सौंदत्तीच्या डोंगरावर सोडलेली होती हे गल्लीला माहीत होतं. "पोरीला इच्यारलंय न्हवं?"

आई घरी आली आणि दार लावून घेतलं. दोघींचं बोलणं बंद झालं. पण भिंत तीच होती आणि तिच्यातून माग ऐकू येतच होता.

विचारायचं कुणी, असा प्रश्न नव्हताच. मदर म्हणायच्या, देवानं हाक मारली आहे. आई म्हणायची, देवानं हाक मारली आहे. माझ्या वतीनं ती हाक सगळ्यांनी ऐकली होती. फक्त थोरले फादर आडवे आले. ते गोव्याकडचे, वयानं थकलेले, आणि दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरे. पापनिवेदनाला त्यांच्याकडे गेलं की जाळीतून ते कानावर हात धरून "काय?" म्हणायचे, त्यामुळे किरकोळ पापं लोक त्यांना सांगत आणि ठळक पापं धाकट्या फादरांसाठी राखून ठेवत. आई मला घेऊन त्यांच्याकडे आशीर्वादाला गेली. त्यांनी तिचं सगळं, कान पुढे करून, ऐकून घेतलं आणि पुस्तकातून शिकलेल्या मराठीत सांगितलं, "नवस तुमचा आहे, बाई. हाक हिला आली पाहिजे. दुसऱ्याची हाक आपण ऐकू शकत नाही." मग मला म्हणाले, "रोज थोडा वेळ बस. बोलू नकोस. ऐक."

ऐक म्हणजे काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तोवर देवाशी माझा सगळा संबंध बोलण्याचा होता. आता दुपारी माजघरात क्रुसासमोर बसायचं आणि गप्प राहायचं. आईनं हे काम मनावर घेतलं. तिनं कोंबड्या परसात कोंडल्या. दारावरच्या भाजीवालीला खुणेनं परतवलं. आप्पांना त्या वेळेत यंत्र चालवायला बंदी केली, आणि शेवटी, अबोला मोडून, शिवाक्काला माग थांबवायला सांगायला गेली. शिवाक्का म्हणाली म्हणे, की माझं लुगडं वीतभर कमी व्हईल, ते तुमचा देव इणून देतोय काय? आई परत आली ती तणतणत. माग चालू राहिला.

मी ऐकत बसायचे. मला जे ऐकू आलं ते असं: माग. माशी. आईची, दाराआड रोखून धरलेली, धाप. पोटातली गुडगुड. निपाणीच्या भिंतीवरून चालताना पायाखाली सुटलेला दगड. मदरांचा आवाज, ये म्हणणारा. माझा आवाज, त्यांची नक्कल करणारा. मांडी बदलायची, पुन्हा बदलायची. कधी वाटायचं, आलं, आतून काहीतरी आलं, जा म्हणालं; आणि मग कळायचं की ते आईच्या सुरात होतं. कधी जाऊ नको असं यायचं, ते माझ्याच सुरात. देवाचा सूर कसा असतो हे ठाऊक असतं, तर वजा करून तरी तो सापडला असता.

दर आठवड्याला मी थोरल्या फादरांना सांगायला जायचे. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, म्हणून आम्ही चर्चमागच्या फणसाखाली बसायचो.

"काय ऐकलंस?"

"माशी," मी ओरडले.

ते हसले नाहीत. म्हणाले, ठीक आहे, ती खरी होती. जे आवाज घाई करतात ते बहुधा आपले असतात, देवाला घाई नसते. ऐकणं जमत नसेल तर एखाद्या जागी जाऊन उभी राहा. नाझरेथला जा. मारियेच्या घरी. येशूच्या जन्माची वार्ता घेऊन देवदूत आला तेव्हा तिथे काय काय होतं ते बघ, मग ऐक.

मी नाझरेथला गेले. ते शहापूरच निघालं. मारिया चुलीपुढे फुंकणीनं जाळ करत होती, भिंतीपलीकडे माग चालू होता, आणि देवदूत आमच्या वेदीवरच्या चित्रातल्यासारखाच तिच्यापुढे गुडघ्यावर. त्याच्या झग्याला एवढा घेर की आप्पांना एक तागा पुरला नसता. तो बोलला आणि मग गप्प बसला. मला पुढचं पाठ होतं, ती हो म्हणते. पण या खेपेला ती लवकर बोलेना. फुंकणी हातात धरून तशीच. तो तसाच गुडघ्यावर. मी पुन्हा मांडी बदलली.

हे मी थोरल्या फादरांना सांगितलं. "तो कळवायला आला नव्हता," ते म्हणाले, "विचारायला आला होता. आणि ती बोलेपर्यंत थांबला होता. रोज तीन वेळा घंटा वाजते ती याचीच."

मी ओरडून विचारलं, ती नाही म्हणाली असती तर?

"तर त्याचं विचारणं खरं होतं, एवढं नक्की कळलं असतं."

त्या दिवसापासून घंटा मला नीट ऐकता येईना. सबंध गाव इतकी वर्षं दिवसातून तीनदा कुणालातरी विचारलेला प्रश्न ऐकत होतं आणि चटकन उत्तर पुटपुटून कामाला लागत होतं. मीही.

पांढऱ्या कापडाचं काम पुढे सरकत नव्हतं. आप्पा दिलेल्या वेळेचे पक्के. साहेबाचा कोट त्यांनी कधी चुकवला नाही. हा झगा मात्र कच्च्या दोऱ्यावर अडला. बाह्या जोडायच्या, टाके उसवायचे, खांदा बसत नाही म्हणायचं, पुन्हा लावायचे. आई म्हणायची, अहो, मदर इच्यारत हुत्या. आप्पा म्हणायचे, पांढऱ्या कापडाला घाई चालत न्हाय, डाग पडतोय.

मग तो गुरुवार आला आणि घंटा मुक्या झाल्या. त्या आठवड्यात घरातले वासही गप्प असत. फोडणी नाही, मासळी नाही, नुसती पेज. शुक्रवारी दुपारी यंत्रावर फडकं टाकलेलं होतं. आई आत व्रतानं पडून होती. आप्पांनी झगा खुंटीवरून काढला आणि मला म्हणाले, जरा उभी ऱ्हा, लांबी बघतो. आज काम करायचं नसतं, असं मी म्हटलं. माप घेणं म्हंजे काय काम न्हवं, ते म्हणाले.

मी पांढऱ्यात उभी राहिले. आप्पा गुडघ्यावर बसले, मापाची फीत गळ्यात, टाचण्या ओठांत. घेराभोवती हळूहळू फिरले. एक टाचणी लावली, ती काढली, तिथेच पुन्हा लावली. गल्लीच्या तोंडाशी मात्राकेचा आवाज आला. घंटा बंद असल्या की चर्चचा माणूस ती घेऊन ख्रिस्ती घरांवरून जायचा. खट् खट्. शिवाक्काचं कुत्रं भुंकायला लागलं.

आप्पांनी ओठांतल्या टाचण्या काढल्या, तळहातावर ठेवल्या. वर बघितलं.

"तुला जायचंय काय गं?"

माझ्या आयुष्यात तो प्रश्न पहिल्यांदा, त्या खोलीत, त्या आवाजाबरोबर आला. मी बोलले नाही. आप्पा उठले नाहीत. तसेच गुडघ्यावर, हातात टाचण्या. मात्राक आमच्या दारावरून गेली, पुढे गेली.

आई दारात उभी होती. कधी उठून आली होती कुणास ठाऊक. "आजच्या दिवशी आसलं इच्यारत्यात?" ती म्हणाली. आणि मग, फार हळू, "तिनं न्हाय म्हणलं, आन् तुमाला काय झालं म्हंजे?"

"झालं तर झालं," आप्पा म्हणाले. "त्या झोपडीतच जायचो, तो हितवर आलो. लई झालं. पर रोज सकाळी हिला बघून वाटतंय, आजचा दिस हिच्यातनं कापून घेतला. आसलं कापड अंगाला बसत न्हाय गं मला."

आई भिंतीला धरून आत गेली.

त्या काळी येशू उठायचा तो शनिवारी सकाळीच. आम्ही तिघं कॅम्पाकडे चालत गेलो, एकमेकांशी न बोलता, तीन वेगवेगळ्या घरची माणसं असल्यासारखी. चर्चमध्ये अंधार, सगळे संत जांभळ्या कापडाखाली झाकलेले, लोक न पेटवलेल्या मेणबत्त्या धरून बसलेले. बाजूच्या खोलीच्या दाराशी थोरले फादर झगा चढवत होते. माझ्याकडे बघून त्यांनी कानावर हात धरला, नेहमीसारखा. मी जवळ गेले आणि पुटपुटले.

"काय?"

मी जरा मोठ्यानं सांगितलं.

"काय म्हणतेस?"

आणि मग मी, ज्या चर्चमध्ये जन्मभर मला कुजबुजायला शिकवलं होतं तिथे, घंटा मुक्या असताना, सगळ्या गावासमोर ओरडले, "मला जायचं नाही, फादर!"

तो आवाज छतापर्यंत गेला आणि खाली यायला वेळ लागला. पुढच्या खुर्च्यांवरचे मानकरी वळले, आप्पांनी शिवलेल्या लाल वस्त्रांसकट. मदरनी डोळे मिटले. आईकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

"ऐकलं," थोरले फादर म्हणाले. मी घाईनं विचारलं, की हे देवाचं होतं, का माझंच? हा प्रश्न मी हळू विचारला होता. तो त्यांना ऐकू आला नाही. किंवा आला. त्यांनी माझ्या हातात एक मेणबत्ती दिली आणि वेदीकडे गेले.

थोड्या वेळानं संतांवरचे पडदे पडले, घंटा सुटल्या, लहान घंट्या, मोठ्या घंट्या, पेटीचे सगळे सूर एकदम, आणि लोक रडत होते, हसत होते. दरवर्षी मला तो क्षण आवडायचा. त्या वर्षी वाटलं, जरा थांबा, मला अजून ऐकायचं आहे.

आई आमच्याआधी घरी पोचली होती. आम्ही आलो तेव्हा ती यंत्रासमोर बसली होती आणि पांढऱ्या झग्याचे कच्चे दोरे ओढून काढत होती, दातानं तोडून, एकेक. वर न बघता तिनं आप्पांना सांगितलं, पांढरं कापड नुसतं ठेवलं तर पिवळं पडतं. शिवाक्काच्या धाकट्या सुनेचे दिवस भरलेत, टोपडी-झबली शिवा. आप्पा लगेच बसले. त्या वेळी मात्र त्यांना खांदा बसेना वगैरे काही झालं नाही. शिवाक्काच्या नातवानं त्या पवित्र कापडाचं पहिल्याच दिवशी जे करायचं ते केलं, आणि आई ते स्वतः धुवायला घेऊन आली.

मी पुढे शाळेत शिकवलं. लग्न केलं. मुलं झाली, त्यांचे गुडघे फुटले, मी ते झाकले नाहीत. मागे कधीतरी आमच्या गल्लीतले हातमाग जाऊन यंत्रमाग आले आणि त्या भिंतीपलीकडचा आवाज असा झाला की त्यात काहीच ऐकू येईना.

आप्पा मोठ्या लढाईच्या दिवसांत गेले. आमची आंगवण मोडल्याला तोवर बरीच वर्षं झाली होती. छातीचा विकार होता, डॉक्टरनी त्याला नाव दिलं होतं. पण मी डॉक्टरचं ऐकत नव्हते. मी आईकडे कान लावून होते. पलंगाशी ती जपमाळ घेऊन बसली होती, आणि मला ठाऊक होतं की एक वाक्य तिच्या तोंडात आहे. तू गेली असतीस तर. एवढंच. त्याचा हक्क होता तिला. माती टाकताना ते आलं नाही. महिन्याच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, आलं नाही. नंतर ती माझ्याकडे राहायला आली. पुष्कळ वर्षं राहिली, पुष्कळ गोष्टींवरून भांडली, माझ्या आमटीला, माझ्या नवऱ्याला, नव्या फादरांच्या प्रवचनाला नावं ठेवली. सांजेला घंटा वाजली की आम्ही दोघी उभ्या राहायचो. ती पुटपुटायची, मी तिच्या श्वासांच्या मधली जागा ऐकत राहायचे. मोठ्या माणसांनी मला ऐकायला सांगितलं होतं; शिकले ते तिथे. शेवटच्या दिवसांत तिला माझं नाव आठवेनासं झालं होतं. मला शिवाक्का समजायची. तेव्हाही मी वाकून, कान तिच्या ओठांशी नेऊन, थांबायचे. ते वाक्य न बोलताच ती गेली.

देव माझ्याशी बोलला का, असं कुणी विचारलं तर मी विषय बदलते. शिकलेल्या माणसाला ते शोभतं.

"वाजवून बघा की, आक्का," चर्चची साफसफाई बघणारी मुलगी दारातून म्हणाली. "आता कोण वाजवत नाही. रेकॉर्ड लावतात."

बाहेर सांज झाली होती, प्रवचन संपून लोक गेले होते. आंजेलूसची वेळ होती आणि घंटा मुकी होती. मी मूठ धरली, मनगट फिरवलं. खट् खट्. वटवाघूळ हललं. ध्वनिक्षेपक नेमका त्याच वेळी गप्प होता, आणि त्या फळीचा आवाज रिकाम्या बाकांवरून पार दारापर्यंत गेला आणि थांबला.

मी मात्राक छातीशी धरून ऐकत उभी राहिले. मुलीनं दोनदा चुळबुळ केली, मग तीही उभी राहिली.

आई काही बोलली नाही.